मदत हवी आहे: क्लोन केलेली एसएसडी बूट होत नाही, ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करू का?

लॅपटॉपच्या १ टीबी हार्ड डिस्कवर स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचायला अडचण येणारे भाग, वाढत होते. नेहमीचं क्लोनिंग मध्येच अडकायचं, म्हणून लिनक्स पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून जमेल तेवढा डेटा कॉपी करणारं टूल) वापरलं: आधी खराब भाग वगळून, मग तीनदा पुन्हा प्रयत्न. सुमारे १.२ एमबी सोडून सगळं तेवढ्याच आकाराच्या साटा एसएसडीवर आलं. मॅपफाइलनुसार (काय वाचलं गेलं, काय नाही याची डीडीरेस्क्यूची नोंद) त्यातले काही खराब सेक्टर अगदी सुरुवातीच्या २६० एमबीच्या ईएफआय पार्टिशनमध्येच (विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स असतात तो भाग) आहेत. नशीब!

आता एसएसडी लावली की ०एक्ससी०००००० ई ही एरर येते. जुनी डिस्क काढलेली आहे, त्यामुळे एकाच आयडीच्या दोन डिस्कचा घोळ नाही. बायोसमध्ये यूईएफआय (बूटची पद्धत) आणि एएचसीआय (डिस्क जोडणीची पद्धत) पूर्वीसारखंच आहे, सिक्युअर बूट बंद करून पाहिलं. विंडोज १० च्या पेनड्राइव्हवरून डिस्कपार्टमध्ये (पार्टिशन हाताळणारी कमांड) ईएफआयला एस अक्षर दिलं आणि बीसीडीबूट (बूट फाइल्स नव्याने टाकणारी कमांड) चालवलं, तर बूट फाइल्स कॉपी करता आल्या नाहीत असं उत्तर. सी ड्राइव्ह मात्र उघडतो, चेकडिस्कही (एसएसडीवरच, जुन्या डिस्कवर नाही) स्वच्छ. बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) नाही.

नव्याने विंडोज टाकणं शेवटचा पर्याय, कारण अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स याच इन्स्टॉलेशनला बांधलंय. डेटाचा वेगळा बॅकअप आहे.

फक्त ईएफआय पार्टिशन फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून बीसीडीबूट पुन्हा चालवलं तर पुरेल, की ते डिलीट करून नव्याने बनवावं लागेल? आणि त्याने रिकव्हरी पार्टिशनची नोंद तुटेल का?