मदत हवी आहे: एचटीएलव्ही-१ विषाणूच्या आजारात टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) छातीच्या पातळीवरच्या मज्जारज्जूतच का शिरतात?

रानजाई:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरला एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी मुद्दाम एचटीएलव्ही-१ मुळे होणारा मज्जारज्जूचा आजार घेतलाय. वर्गात एचआयव्हीवर सगळे बोलतात, याच्याकडे कुणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. लागण झालेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांचे पाय हळूहळू ताठरतात, लघवीवरचा ताबा जातो, चालणं अवघड होतं.

१९८५ मध्ये मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरच्या अशा रुग्णांत या विषाणूच्या अँटिबॉडी सापडल्या, १९८६ मध्ये जपानच्या कागोशिमातून तसेच रुग्ण नोंदवले गेले. इथवर ठीक. अडलंय पुढे.

पांढरी पेशी आधी सिलेक्टिन या चिकट रेणूंना अडखळत रक्तवाहिनीच्या भिंतीवरून घरंगळते. केमोकाइनचा (पेशींना बोलावणाऱ्या रसायनाचा) इशारा मिळाला की तिच्यावरचे इंटिग्रीन, म्हणजे पकड घेणारे रेणू, ताठ होतात. त्यातला एलएफए-१ भिंतीवरच्या आयकॅम-१ ला धरतो, व्हीएलए-४ व्हीकॅम-१ ला. पेशी थांबते, चपटी होते आणि अस्तरातून पलीकडे सरकते. हे समजलं. पण या आजारात आधी बदलते कोण, भिंत की पेशी? आणि रक्त तर सगळीकडे फिरतं, मग छातीच्या पातळीवरच जास्त नुकसान का? मार्गदर्शन केलंत तर फार उपकार होतील.

जुना_रेसिडेंट:
ताई, विषय छान निवडलात. सुरुवात पेशीपासून धरा. विषाणूचं टॅक्स प्रथिन लागण झालेल्या सीडी-४ प्रकारच्या टी पेशीची जनुकं चेतवतं, चिकटण्याचे रेणूही त्यात आले. या पेशी इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ ही दाह वाढवणारी प्रथिनं सोडतात, त्यामुळे भिंतीवर आयकॅम-१, व्हीकॅम-१ वाढतात. आत गेल्यावर इंटरफेरॉन-गॅमामुळे अ‍ॅस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) सीएक्ससीएल-१० हे केमोकाइन सोडतात आणि त्या वासावर आणखी टी पेशी येतात. चक्र थांबत नाही, खरी अडचण तीच.

छातीच्या भागाबद्दल जपानी पॅथॉलॉजिस्टांनी मांडलेलं मत असं की तिथे रक्तप्रवाह मंद असतो, म्हणून पेशींना चिकटायला सवड मिळते. सात रस्त्याला सिटी बस हळू झाली की चढणारे वाढतात, तसं. सेमिनारमध्ये मात्र हे मत म्हणूनच सांगा.

रानजाई:
सर, मनापासून आभार! अ‍ॅस्ट्रोसाइटची पायरी आकृतीत घालते. मग मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूचा दुसरा एक आजार) देतात ते नॅटालिझुमॅब, व्हीएलए-४ अडवणारं औषध, इथे का नको?

जुना_रेसिडेंट:
कारण ते पहारा देणाऱ्या टी पेशीही बाहेर ठेवतं. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांत त्यामुळे जेसी या दुसऱ्याच विषाणूने मेंदूत उचल खाल्ली. इथे तर विषाणू टी पेशींमध्येच दडलेला, आणि त्याला आवर घालायला सीडी-८ पेशी (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी) लागतात. जपानमध्ये म्हणून वेगळी वाट धरली: मोगॅमुलिझुमॅब हे औषध, जे पृष्ठभागावर सीसीआर-४ हा रेणू असलेल्या पेशींनाच मारतं. त्या पेशींतच लागण जास्त असते. आकृती झाली की इथे टाका, बघतो.