‘म्योओ’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : जपानच्या शिंगोन या तांत्रिक बौद्ध पंथातल्या मूर्तींवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यातल्या ‘फुदो म्योओ’ या देवतेला इंग्रजीत ‘विज्डम किंग’ म्हणतात, म्हणून मी ‘ज्ञानराज’ केलं. पण उजव्या हातात तलवार, डाव्या हातात दोर, पाठीशी ज्वाळा, सुळे बाहेर. या मूर्तीला तो शब्द काही केल्या बसेना. जाणकारांनी सुचवावं.

उत्तर : ताई, ‘ज्ञानराज’ नकोच. तो शब्द आळंदीचा. वाचणाऱ्याच्या मनात माउलीच उभी राहणार. मूळ संस्कृत शब्द ‘विद्याराज’ आहे, तोच ठेवा. (‘फुदो’ म्हणजे न हलणारा, अचल.) चिनी अनुवादकांनी ‘विद्या’साठी ‘उजेड’ या अर्थाचं अक्षर घेतलं. त्याचा जपानी उच्चार ‘म्यो’, आणि ‘ओ’ म्हणजे राजा. अविद्या म्हणजे ‘मुम्यो’, उजेड नसणं.

खरी मेख ‘विद्या’त आहे. इथे विद्या म्हणजे ज्ञान नव्हे, मंत्र. आणि तोही गुण देणारा. हा अर्थ आपल्याला परका नाही. ‘त्याला साप उतरवायची विद्या येते’ असं गावाकडे म्हणतात, ती हीच विद्या.

‘कुजाकु म्योओ’ बघा. हिचं संस्कृत नाव महामायूरी विद्याराज्ञी. स्वाती नावाच्या भिक्षूला साप चावला, तेव्हा बुद्धाने जो मंत्र सांगितला, त्याचंच हे देवीरूप. काईकेई या शिल्पकाराने १२०० साली घडवलेली तिची मूर्ती कोया पर्वतावरच्या कोंगोबुजी मठाची आहे. मोरावर बसलेली, चार हातांची, आणि चेहरा अगदी शांत.

हीच महामायूरी वेरूळच्या ६ क्रमांकाच्या लेण्यात आहे. जवळ मोर, खाली पोथी वाचत बसलेला माणूस. त्या पोथीमुळे तिला सर्रास ‘बौद्धांची सरस्वती’ म्हणतात. मला वाटतं, तिथेही ‘विद्या’ शब्दाने आपल्याला चकवलंय. तो माणूस अभ्यास करत नसावा, तिचा मंत्र वाचत असावा.

प्रश्नकर्ती : पटलं, ‘विद्याराज’ पक्कं. पण कुजाकुला जपानीत ‘राजा’च म्हणतात. मग मी ‘विद्याराज्ञी’ लिहू का?

उत्तर : जरूर लिहा, मूळ नावच ते आहे. फक्त पहिल्यांदा येईल तिथे ‘मंत्ररूप देवता’ एवढं जोडा. आणि लेखात कुठे ‘गोमा’ विधी आला, तर सरळ ‘होम’ लिहा. तो शब्द इथूनच तिकडे गेलाय.