किकर मुलगा, तीन कॉलेजं, तिन्ही ऑफर तोंडी. पैसे नेमके कुठे मिळतील?

किकरची_आई (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा किकर (बॉल लाथेने मारून गुण मिळवणारा). २०२७ च्या फॉलला कॉलेज सुरू होईल. जीपीए ३.८, एसएटी १४५०. सध्या तीन कॉलेजांशी बोलणं चालू आहे.

पहिलं दुसऱ्या राज्यातलं मोठं सरकारी विद्यापीठ, एफबीएस (डिव्हिजन वन फुटबॉलची सर्वांत वरची पातळी). कोच म्हणतात, 'प्रेफर्ड वॉक-ऑन' म्हणून घेऊ. वर्षाचा एकूण खर्च ५८,००० डॉलर.

दुसरं एफसीएसचं (डिव्हिजन वनमधलीच त्याखालची पातळी) खासगी विद्यापीठ. 'साधारण अर्धी स्कॉलरशिप' असं फोनवर सांगितलंय. एकूण खर्च ८८,०००, त्यातली ट्यूशन (शिक्षणाची फी) ६८,०००.

तिसरं नेस्कॅकमधलं (छोट्या खासगी कॉलेजांचा खेळगट) छोटं कॉलेज, डिव्हिजन थ्री. खर्च ९०,०००. तिथले कोच म्हणतात, जुलैमध्ये प्री-रीड करू आणि मग अर्ली डिसिजनने (प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, या अटीवर लवकर) अर्ज करा.

आमचं दोघांचं मिळून उत्पन्न १,६५,०००. पुण्यात एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. धाकटी नववीत. आम्ही एच-१बी वर, मुलगा एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा), ग्रीन कार्डच्या रांगेत. घरात सगळ्यांचा कल मोठ्या विद्यापीठाकडे आहे. कुठे काय विचारायचं, कोणत्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा, हे कळत नाहीये.

गोलपोस्ट

ताई, तोंडी ऑफर कुणालाच बांधून ठेवत नाही, ना कोचला ना तुम्हाला. डिव्हिजन वनचं कॉलेज स्कॉलरशिपची लेखी ऑफर बारावीच्या १ ऑगस्टपासून देऊ शकतं. सह्या डिसेंबरच्या सुरुवातीला किंवा फेब्रुवारीत होतात. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (दोघांना बांधून घेणारं पत्र) असायचं, ते एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केलं. आता सही थेट कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर होते. त्यामुळे करारात जे लिहिलंय तेवढंच तुमचं.

प्रेफर्ड वॉक-ऑन म्हणजे टीममध्ये जागेचं आश्वासन. त्यात पैसा नाही. आणि ती जागाही आता पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही. खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या हाउस खटल्याच्या समझोत्याला ६ जून २०२५ रोजी कोर्टाची मंजुरी मिळाली. त्यानंतर समझोत्यात सामील झालेल्या कॉलेजांसाठी ८५ स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली आणि १०५ खेळाडूंची रोस्टर मर्यादा आली. वॉक-ऑनही त्या १०५ मध्येच मोजले जातात. पूर्वी मोठ्या टीममध्ये १२० च्या वर मुलं सहज असायची, आता ती सोय नाही. वसंतात सराव करणारा मुलगा सीझनच्या पहिल्या सामन्याआधी कमी केला जाऊ शकतो. कोचला सरळ विचारा: १०५ मध्ये किकर आणि पंटर (हातातून सोडलेला बॉल लाथेने दूर मारणारा) मिळून किती ठेवता, सध्याचा किकर कितव्या वर्षाला आहे, आणि तो गेला की ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंची यादी) अनुभवी किकर आणणार का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर ते 'हो' समजा.

आता 'अर्धी'. कशाच्या अर्धी? ट्यूशनच्या अर्धी म्हणजे ३४,०००, तुमच्या खिशातून ५४,०००. एकूण खर्चाच्या अर्धी म्हणजे ४४,०००, खिशातून ४४,०००. चार वर्षांत ४०,००० चा फरक या एका शब्दाने पडतो. शिवाय रक्कम टक्क्यांत आहे की ठरावीक डॉलरमध्ये, हे बघा. खर्च वर्षाला ४ टक्क्यांनी वाढला तर आजचे ८८,००० चौथ्या वर्षी सुमारे ९९,००० होतात. डॉलरमध्ये बांधलेली स्कॉलरशिप तेव्हाही ३४,००० च राहते.

करार किती वर्षांचा, हेही विचारा. एका वर्षाचा असेल तर दरवर्षी १ जुलैपर्यंत कॉलेजने नूतनीकरणाबद्दल लेखी कळवायचं असतं, आणि नाकारलं किंवा रक्कम कमी केली तर अपील करता येतं. कराराच्या मुदतीत दुखापत झाली किंवा किक चुकायला लागल्या म्हणून पैसे काढता येत नाहीत. मात्र मुलाने स्वतःहून टीम सोडली, अभ्यासात अपात्र ठरला किंवा गंभीर गैरवर्तन केलं, तर काढता येतात. चार वर्षांचा करार मागायला लाजू नका, नियमात तो बसतो.

हिशेबनीस_ऑस्टिन

गोलपोस्ट यांनी मांडलेले आकडे शेजारी ठेवा. वॉक-ऑन ५८,००० आणि ट्यूशनच्या अर्धी ५४,०००. फरक वर्षाला फक्त ४,००० चा. पण दुसऱ्या वर्षी मुलाने फुटबॉल सोडला तर सरकारी विद्यापीठाचा खर्च ५८,००० च राहील आणि खासगीचा ८८,००० वर जाईल. प्रत्येक कॉलेजपुढे दोन आकडे लिहा, खेळत राहिला तर आणि खेळ सुटला तर. निर्णय दुसरा आकडा बघून घ्या. डिव्हिजन थ्रीमध्ये हे दोन्ही आकडे एकच असतात, कारण तिथे मदत ठरवताना खेळ विचारात घ्यायलाच एनसीएएची बंदी आहे.

तुमची खरी मेख एच-४ ची आहे. एच-४ मुलाला फेडरल मदत मिळत नाही, म्हणजे पेल ग्रँट नाही आणि फेडरल कर्जही नाही. (ग्रीन कार्ड असलेल्यांनी मात्र १ ऑक्टोबरला फॅफ्सा (फेडरल मदतीचा अर्ज) उघडला की लगेच भरावा.) खेळाच्या स्कॉलरशिपला व्हिसाची अडचण नाही, ती एच-४ वर घेता येते. गरजेनुसार मदत देणारी बरीच खासगी कॉलेजं एच-४ मुलाला आंतरराष्ट्रीय अर्जदार धरतात, मग तो किंडरगार्टनपासून न्यू जर्सीत शिकलेला का असेना. आंतरराष्ट्रीय अर्जदारांसाठी नीड-ब्लाइंड (प्रवेश देताना पैशाची गरज न बघणारी) असलेली कॉलेजं मोजकी आहेत: नेस्कॅकमध्ये ॲमहर्स्ट आणि बोडन, आयव्हीत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ आणि ब्राउन. इतर ठिकाणी पैसे मागितल्याचा परिणाम प्रवेशावरही होऊ शकतो. म्हणून कोचला नव्हे, आर्थिक मदतीच्या ऑफिसला ईमेल करा: 'एच-४, हायस्कूल अमेरिकेत, तुम्ही कोणत्या गटात धरता? मदत मिळते का? कोणते फॉर्म?' उत्तर लेखी जपून ठेवा.

कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता पडणारा खर्च काढणारा) सहसा नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी बांधलेला असतो. त्यात आलेला आकडा एच-४ ला लागू होईलच असं नाही.

सीएसएस प्रोफाइलमध्ये (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा फॉर्म) पुण्याचा फ्लॅट दाखवावाच लागतो. आजची बाजारकिंमत, त्यावरचं कर्ज आणि भाडं, तिन्ही. भारतातल्या एफडी आणि बचत खातीही. लपवाछपवी करू नका, भाड्याचं उत्पन्न टॅक्स रिटर्नमध्ये दिसतंच. उलट आईवडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल, त्यांच्या औषधपाण्याचा खर्च करत असाल, तर विशेष परिस्थितीच्या रकान्यात बँकेच्या पावत्यांसह लिहा. काही कॉलेजं ते धरतात, पण न सांगता कुणी धरणार नाही. मुलाच्या नावावर बचत ठेवली असेल तर ती तुमच्या बचतीपेक्षा जड धरली जाते.

२०२७ च्या प्रवेशासाठी २०२५ चं उत्पन्न बघितलं जातं, ते वर्ष हातचं गेलं. २०२६ मध्ये शेअर विकण्याचा किंवा फ्लॅट काढण्याचा विचार असेल तर त्याचा परिणाम दुसऱ्या वर्षाच्या मदतीवर होईल.

टॅक्सची काळजी इथे नको. ट्यूशन आणि पुस्तकांसाठी वापरलेल्या स्कॉलरशिपवर कर नाही, राहण्याजेवणाच्या भागावर असतो. ३४,००० असोत की ४४,०००, दोन्ही ६८,००० च्या ट्यूशनच्या आतच आहेत.

किकरची_आई (न्यू जर्सी)

खूप आभार. खेळ सुटला तर काय, हा रकाना आम्ही मांडलाच नव्हता. दोन प्रश्न राहिले. प्री-रीडमध्ये नेमकं काय होतं? आणि नेम-इमेज-लाइकनेसचे (खेळाडूचं नाव-चेहरा जाहिरातीत वापरण्याचे) पैसे एच-४ ला घेता येतात का?

हिशेबनीस_ऑस्टिन

त्या वाटेला जाऊ नका, ताई. एच-४ वरच्या मुलाला काम करायची परवानगी नाही. एच-४ चं वर्क परमिट मिळतं ते जोडीदाराला, तेही काही अटींवर, मुलांना नाही. बुटांच्या दुकानाची शंभर डॉलरची जाहिरातसुद्धा इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय नको. आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतं. तो वाढदिवस कॉलेजच्या कितव्या वर्षात येतो ते आत्ताच बघा. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) साठीचा अर्ज, म्हणजे आय-५३९, त्याच्या बराच आधी गेला पाहिजे. सही करताना कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय ऑफिसला हे सांगून ठेवा.

लाँगस्नॅपर

प्री-रीडबद्दल. अकरावी संपली की कोच तीन-चार कागद मागतात: अकरावीपर्यंतचा ट्रान्सक्रिप्ट, बारावीत घेतलेल्या विषयांची यादी, एसएटीचे गुण, शाळेचं प्रोफाइल. ते ॲडमिशन ऑफिसकडे जातात आणि कोचला अंदाज मिळतो: प्रवेश होण्यासारखा, काठावर, किंवा नाही. तेव्हाच आर्थिक प्री-रीडही मागा. तो आपणहून मिळेलच असं नाही. २०२५ चा टॅक्स रिटर्न आणि फ्लॅटचे तपशील द्या, एच-४ आहे हे पहिल्याच ओळीत लिहा.

प्री-रीड चांगला आला म्हणजे प्रवेश झाला असं नाही. प्रत्येक कोचला ॲडमिशनकडे जोर लावता येईल अशा मोजक्याच जागा असतात. विचारा: 'माझ्यासाठी त्यातली एक जागा वापरणार का, की फक्त नाव सुचवणार?' सरळ 'हो' आलं नाही तर अर्ली डिसिजन त्या कॉलेजवर खर्च करू नका. अर्ली डिसिजन बांधून घेणारा असतो. त्यातून सुटायची मान्य वाट एकच, आर्थिक मदत अपुरी पडणं. आणि आधी लेखी अंदाज घेतलेला असेल तर ती बाजू मांडणं सोपं जातं.

किकरसाठी एक खास गोष्ट. हायस्कूलमध्ये फील्ड गोल दोन इंची ठोकळ्यावरून मारता येतो, कॉलेजमध्ये थेट जमिनीवरून. किकऑफचा टीसुद्धा कॉलेजमध्ये एक इंचाचाच. ठोकळ्यावरून मारलेल्या ४८ यार्डांच्या किकचं कोचला फारसं कौतुक नसतं. जमिनीवरून, खऱ्या स्नॅपवर (मागे फेकलेल्या बॉलवर), स्नॅप ते किक १.३ सेकंदांच्या आसपास, दोन्ही हॅशवरून (मैदानावरच्या डाव्या-उजव्या खुणा) घेतलेला व्हिडिओ पाठवा. मागून एक कॅमेरा, कटिंग न करता सलग दहा किक, चुकलेल्याही त्यातच. किकऑफला अंतराबरोबर हँग टाइम (बॉल हवेत राहण्याचा वेळ) लिहा. ६० यार्ड गेलेला पण ३.५ सेकंदांत खाली येणारा बॉल परतवणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. ४ सेकंदांच्या जवळ असेल तर मोठ्या टीमही दखल घेतात.

घरच्यांचा कल मोठ्या विद्यापीठाकडे आहे म्हणालात, आणि माझ्या मते तो पर्याय लगेच खोडू नये. ३.८ आणि १४५० वर तिथे अभ्यासाची मेरिट स्कॉलरशिप मिळाली तर ५८,००० बरेच खाली येतील, आणि ती फुटबॉलवर अवलंबून नसेल. एच-४ पात्र आहे का आणि मेरिटच्या अर्जाची तारीख कोणती, हे दोन्ही ॲडमिशन ऑफिसला विचारा. कित्येक ठिकाणी ती तारीख प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी येते आणि फुटबॉलच्या धावपळीत निसटते.

खासगी विद्यापीठातही विचारा की मेरिट आणि खेळाची स्कॉलरशिप एकत्र घेता येते का. काही कॉलेजं एक दिली की दुसरी कापतात.

आणि एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरचं (खेळायची पात्रता तपासणारं) खातं आजच तपासा. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर कोर्स (एनसीएएने मान्य केलेले मुख्य विषय) लागतात, त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आधी पूर्ण हवेत, आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातले. बारावी सुरू झाली की त्या दहांचे गुण गोठतात, पुन्हा परीक्षा देऊन सुधारता येत नाहीत. कोअर जीपीए किमान २.३ लागतो, ती तुमची अडचण नाही. पण शाळेचा एखादा विषय कोअरच्या यादीत नाही हे उशिरा लक्षात आलं तर गाडं अडतं. यादी शाळेच्या कोडवरून सेंटरच्या साइटवर दिसते. काही कमी निघालं तर भरून काढायला येणारा उन्हाळा एवढाच वेळ आहे, म्हणून या आठवड्यातच काउन्सेलरची वेळ घ्या.