अनुभव धागा: अमेरिकेच्या फौजेत गांजाला मुभा असावी का?

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आता औषधी गांजा कायदेशीर आहे. अंगावर वर्दी असेल तर मात्र राज्याचा कायदा उपयोगाचा नाही, लष्करी न्यायसंहितेचं कलम ११२-अ लागतं, आणि त्यात गांजा घेणं हा गुन्हा आहे. आपली कितीतरी मुलं तिकडच्या फौजेत आहेत. काही तिथेच जन्मलेली, काही हिंदी येते या आधारावर माव्नी योजनेतून (गरजेची भाषा येणाऱ्या परदेशी नागरिकांना फौजेत घ्यायची योजना) गेलेली. तुम्ही स्वतः, मुलं, जोडीदार, ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. ऐकीव नको, आणि युनिटचं नाव टाकू नका.

माझं मत आधीच सांगते. ड्यूटीवर अजिबात नको, पण सुट्टीतल्या माणसाला तासांची अट घालून मुभा मिळायला हवी. लघवीच्या तपासणीतून कधीतरी घेतला होता एवढंच कळतं, आत्ता नशेत आहे का ते कळत नाही. आणि तेवढ्यावर नोकरी जाते.

पायदळात होतो, आता बाहेर (कोलोरॅडो)
आमच्या तळापासून मॅनिटू स्प्रिंग्ज जवळच. तिथे २०१४ पासून दुकानात उघड गांजा मिळतो, रांगेत आजी-आजोबासुद्धा असतात. आम्हाला मात्र तपासणी. ती कधी होणार हे आधी सांगत नाहीत. पहाटे पीटीला उभे राहिलो की यादी वाचली जाते. नाव आलं की ओळखपत्र द्यायचं, बाटलीवरची चिठ्ठी तपासून आद्याक्षरं करायची. मग निरीक्षक सोबत येतो आणि लघवी थेट बाटलीत पडतेय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. पहिल्यांदा फार अपमान वाटतो.

अफगाणिस्तानातून परतलो तेव्हा पाठ कामातून गेली होती. डॉक्टरांनी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. चिठ्ठी असल्यामुळे त्या तपासणीत चालतात. त्यांनी मी दिवसभर गुंगीत असायचो, आणि ते नियमात बसत होतं! बाहेर पडल्यावर राज्याचं कार्ड काढून गांजाचे थेंब सुरू केले. दुखणं आहेच, पण रात्री झोपतो. माजी सैनिकांच्या दवाखान्यात हे मोकळेपणाने सांगता येतं, त्याने सवलती जात नाहीत. तिथले डॉक्टर शिफारस मात्र लिहून देत नाहीत, कारण केंद्राचा कायदा आडवा येतो.

मला सगळ्यात जास्त छळतं ते वेगळंच. सोबतची मुलं झोप येत नाही हे डॉक्टरला सांगायलाच घाबरायची. सांगितलं तर पुढचा प्रश्न, मग झोपायला काय घेतोस?

विमानवाहू जहाजावर डेकला होतो (व्हर्जिनिया)
माझा ठाम विरोध. २६ मे १९८१ ला निमित्झ या विमानवाहू जहाजावर उतरताना प्राउलर विमान आदळलं, १४ जण गेले. डेकवरच्या काही मृतांच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. अपघात त्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, वैमानिकाच्या शरीरातही सर्दीच्या औषधाचं प्रमाण जास्त निघालं होतं. पण नौदल कडक झालं ते तिथून. संरक्षण खात्याच्या १९८० च्या पाहणीत २७.६ टक्के लोकांनी गेल्या महिन्याभरात अमली पदार्थ घेतल्याचं सांगितलं होतं. २००२ मध्ये हाच आकडा ३.४ वर आला.

डेकवर इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. पिवळ्या जर्सीवाल्याच्या हाताच्या खुणेवर विमान हलतं. त्याची खूण अर्धा सेकंद चुकली तर माझा पाय चाकाखाली. काल रात्री त्याने काय घेतलं याची खात्री मला हवीच.

एक आई (न्यू जर्सी)
मुलगा रजेवर पुण्याला आला तो ऐन होळीत. शेजारच्या काकूंनी ठंडाई केली होती. त्याने ग्लास हातात घेऊन विचारलं, "काकू, यात भांग आहे का?" त्या म्हणाल्या, "अरे, अगदी चिमूटभर." त्याने ग्लास तसाच खाली ठेवला. काकूंना वाईट वाटलं, मलाही. पण त्याचा कायदा पुण्यातही त्याच्या मागे येतो. नकळत पोटात गेली असा बचाव करता येतो म्हणे, पण तो कमांडरसमोर नाहीतर लष्करी कोर्टात मांडत बसायचा. नौदलाने तर २०२० मध्ये हेम्पचे (गांजाच्याच झाडाची नशा न आणणारी जात) शाम्पू आणि लोशनही बंद केले.

नवरा कॅनडाच्या सैन्यात (ओंटारियो)
इकडे ऑक्टोबर २०१८ पासून मुभा आहे. ड्यूटीच्या आधी ८ तास, भरलेलं शस्त्र हाताळायचं असेल तर २४ तास, विमानातल्या कर्मचाऱ्यांना २८ दिवस बंद. परदेशी मोहिमेवर पूर्ण बंदी. नवरा घेत नाही, त्याच्या हाताखालची काही मुलं घेतात. कोण केव्हा घेतो हे त्याला विचारता येतं आणि ती खरं सांगतात. त्याला हे फार मोलाचं वाटतं.

धागाकर्ती
डेकवाले दादा, २८ दिवसांची अट म्हणजे विमानावरच्या माणसाला बंदीच झाली. तुमच्या डेकलाही तीच लावा, माझी काही हरकत नाही. पण गोदामात हिशेब ठेवणाऱ्यालाही तोच नियम का?

निवृत्त सुभेदार (सातारा)
आपल्याकडे आर्मी ॲक्टचं कलम ४८ आहे. ड्यूटीवर असो वा नसो, नशेत सापडला की गुन्हा. माझ्या चाकरीत गांजाचा विषय क्वचित निघाला, रमचा कायम. बराकीतली भांडणं रमचीच. एक नशा कँटीनमध्ये स्वस्तात द्यायची आणि दुसरीपायी घरी पाठवायचं, हे मला जवानाला समजावता आलं नसतं.

मानसोपचार करते (मेरीलँड)
मुभेला माझा विरोध नाही, औषध म्हणून गाजावाजा करायला आहे. माजी सैनिक खातं आणि संरक्षण खातं यांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीवर (युद्धासारख्या भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार) गांजा वापरू नये अशी स्पष्ट शिफारस आहे. वाईट स्वप्नं कमी होतात असं रुग्ण सांगतात, आणि ते खरं असतं. सोडला की ती जोरात परत येतात, हेही मी बघते.

ग्रीन कार्डवर भरती होणाऱ्यांसाठी
वरची चर्चा काहीही असो, तुमचं प्रकरण वेगळं आहे. राज्यात कायदेशीर असलेला गांजासुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर अडवू शकतो, २०१९ पासून तसं लेखी धोरण आहे. सैन्यातून मिळालेलं नागरिकत्वही, पाच वर्षांची सन्मानपूर्वक सेवा होण्याआधी खराब शेऱ्यावर बाहेर काढलं तर, काढून घेता येतं. भरतीच्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी कधी घेतला असेल तर रिक्रूटरशी बोलण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा.