रोजचे ऑफिस आणि शनिवार-रविवारच्या कच्च्या वाटा: सहा लाखांत जुनी गाडी कोणती?

प्रश्न: कोथरूडहून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन माझा सुमारे 35 किलोमीटर प्रवास होतो आणि सुट्टीला मी मुळशी, वेल्हे भागातील कच्च्या रस्त्यांवर जातो. जुनी महिंद्रा थार घ्यावी की ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) रेनो डस्टर?

उत्तर 1: डस्टर. 2014 साली आलेल्या या प्रकारात मागच्या प्रत्येक चाकाचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने रोजच्या खड्ड्यांचा त्रास कमी होतो. तिला लो रेंज, म्हणजे अगदी कमी वेगात जास्त ताकद देणारे जादा गिअर, नाही. पहिला गिअर मुद्दाम आखूड (कमी वेगाचा, जास्त ओढीचा) ठेवलेला आहे, त्यावर चिखल आणि चढ निभावतात, मोठे दगड मात्र नाहीत.

उत्तर 2: दगडधोंडेच पार करायचे असतील, तर लो रेंज असलेली सीआरडीई (डिझेल इंजिनाची) थार हवी. परंतु 2020 पूर्वीच्या थारमध्ये एअरबॅग नाहीत आणि मागची बाके समोरासमोर आहेत, म्हणून घरी लहान मुले असतील तर मी ती कळकळीने नको म्हणेन.

उत्तर 3: मॉडेलपेक्षा गाडीची अवस्था महत्त्वाची. गाडी रॅम्पवर चढवून चॅसिसचा (खालच्या सांगाड्याचा) गंज आणि डिफरन्शिअलची (चाकांकडे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीची) तेलगळती पाहावी, विशेषतः ती कोकणात वापरलेली असल्यास. मग मोकळ्या मातीत फोर व्हील ड्राइव्ह प्रत्यक्ष लावून पाहावे, कारण वर्षानुवर्षे न वापरलेली यंत्रणा पुष्कळदा अडकते. नोंदणीची 15 वर्षे केव्हा संपतात, हेही आरसीवर तपासावे.

प्रश्नकर्ता: मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळे डस्टरच पाहतो. रविवारी मेकॅनिकला सोबत नेईन.