फ्लीट कॅरिअर घ्या, पण शिल्लक ठेवून

दादा, 'एलिट डेंजरस' या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये ५ अब्ज क्रेडिट (गेममधले पैसे) जमले, लगेच फ्लीट कॅरिअर, म्हणजे बाकीची जहाजं वाहून नेणारं स्वतःचं अवाढव्य जहाज, घेऊ का म्हणताय. थांबा जरा. ट्रॅक्टर दारात आणि डिझेलला पैसे नाहीत, असे आमच्या परभणीकडं कमी आहेत का? कॅरिअरचा नुसता आठवड्याचा खर्च ५० लाख, सर्व्हिसेसचा वेगळा. सोयाबीनच्या काढणीत लॉगिन झालं नाही तरी मीटर चालूच. शिपयार्ड (जहाजविक्री), आउटफिटिंग (जहाजांचे सुटे भाग) या सर्व्हिसेस बंदच ठेवा. लांबच्या सफरीला युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्स, म्हणजे शोधलेल्या ग्रह-ताऱ्यांचा डेटा विकत घेणारी सर्व्हिस, मात्र हवंच; कॅरिअरवर डेटाला भाव कमी मिळतो, पण जहाज फुटलं की न विकलेला सगळा डेटा गेला. जास्त ग्रॅव्हिटीच्या ग्रहावर उतरताना तर हमखास! रीबायचे, म्हणजे फुटलेलं जहाज परत मिळवायला लागणारे त्याच्या किमतीच्या ५ टक्के, आधी बाजूला काढा, मग कॅरिअरचं बघू.