मदत हवी आहे: ब्लेड सर्व्हरचा रिमोट कन्सोल लागत नाही

मंडळी, ऑफिसच्या जुन्या ब्लेड चॅसिसपाशी (एकाच पेटीत बसवलेले अनेक पातळ सर्व्हर) अडकलोय. मॅनेजमेंट मॉड्यूलचं (चॅसिस दुरून सांभाळणाऱ्या भागाचं) वेब पेज उघडतं, तिथून ब्लेड चालू-बंदही होतं, पण कन्सोलची, म्हणजे ब्लेडची स्क्रीन दुरून दाखवणारी, जावा विंडो ‘कनेक्टिंग’वरच लटकते. जावा ८ टाकलं, त्या पेजचा पत्ता जावाच्या एक्सेप्शन लिस्टमध्ये (परवानगी दिलेल्या साइट्सच्या यादीत) घातला, तरी तेच. फायरवॉलवर टीसीपीचा फक्त ४४३ पोर्ट (सुरक्षित वेब पेजचा) उघडा आहे. व्हिडिओचा पोर्ट वेगळा असतो का, आणि तो कुठे बघायचा?

दुसरा रस्ता म्हणून आयपीएमआयटूलने (सर्व्हर दुरून हाताळायची कमांड) सीरियल-ओव्हर-लॅन, म्हणजे सीरियल पोर्टवरचा मजकूर नेटवर्कवरून दाखवणारी सोय, लावलं. यूडीपी ६२३ पोर्टवरून सेशन जुळतं, बायोसचे मेसेज दिसतात, मात्र लिनक्स सुरू झालं की शुकशुकाट. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) कन्सोल म्हणून टीटीवायएस० (पहिला सीरियल पोर्ट), वेग ११५२०० दिलंय. टीटीवायएस१ (दुसरा पोर्ट) हवं असेल का? रीबूटची परवानगी फक्त रविवारी मिळते, म्हणून आधी विचारतोय. सर्व्हर रूम दुसऱ्या गावात आहे हो, नुसता मॉनिटर लावायला एसटीने जायची वेळ येऊ नये!